फाइल नेमकी कोणी अडवली आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपाच्या तोंडावर बियाण्यांची टंचाई, लिंकिंग (हव्या बियाण्याबरोबर नको असलेला माल गळ्यात मारणे) आणि बोगस बियाणे यांवर आपल्या दैनिकात दरवर्षी लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. मात्र माल गोदामात असूनही शेतकऱ्याला ‘हा लॉट संपला’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे दर वेळी साठेबाजीच असते असे नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटलेली एक दिशाभूल करणारी ओळही तसाच घोळ घालू शकते. तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी जालन्यातील एका घाऊक बियाणे पेढीत संगणकाचे काम पाहतो. आमच्याकडे साठ्याची एकच एक्सेल शीट कार्यालयातील मुख्य संगणकावर ठेवलेली असून बिलाचा काउंटर, गोदाम आणि हिशेबाचे टेबल अशा तिन्ही ठिकाणांहून ती उघडली जाते. मृगाच्या सुमारास वादळवारे सुटले की वीज कशी जाते-येते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. वीज आली, संगणक सुरू झाला आणि शीट उघडायला गेले की पडद्यावर चौकट येते: ही फाइल अमुक व्यक्तीने संपादनासाठी लॉक केलेली आहे. आमच्या काउंटरवर त्या ‘अमुक’च्या जागी ज्या सहकाऱ्याचे नाव झळकले, ते मागच्या दिवाळीतच नोकरी सोडून नांदेडला गेले होते. काउंटरवरच्या मुलाने भाबडेपणाने त्यांना फोन लावून ‘काका, तुम्ही शीट उघडून ठेवलीय का?’ असे विचारलेही. ऐकणाऱ्याला यात गंमत वाटेल. आधार कार्ड हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती वाटत नाही.

या ओळीचा उलगडा तसा अवघड नाही. वर्ड किंवा एक्सेलची फाइल सामायिक फोल्डरमधून उघडली की त्याच फोल्डरमध्ये ~$ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी, लपलेली फाइल तयार होते आणि तीत उघडणाऱ्याचे नाव नोंदले जाते. मूळ फाइल रीतसर बंद केली की ही खूण आपोआप पुसली जाते. वीज अचानक गेली तर ती तशीच मागे राहू शकते. हे नाव घेतले जाते ते सॉफ्टवेअरच्या ऑप्शन्समध्ये पूर्वी कधीतरी भरलेल्या माहितीतून. आज खुर्चीवर कोण बसले आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. माणूस बदलला, संगणक तोच राहिला आणि ऑप्शन्स कोणी उघडून पाहिले नाहीत, की सोडून गेलेल्याच्या नावावर फाइल अडकते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. मुख्य संगणक इन्व्हर्टरवर असतो आणि काउंटरचा नसतो. वीज जाताच काउंटरचा संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडतो, तर मुख्य संगणक चालूच राहतो आणि काउंटरने फाइल अजून धरून ठेवली आहे, असेच काही काळ गृहीत धरतो.

एवढ्यावर थांबले असते तर पाच-दहा मिनिटांचा खोळंबा म्हणून सोडून देता आले असते. खरी हानी त्या चौकटीखालच्या पर्यायांमुळे होते. फक्त वाचण्यासाठी उघडा, मोकळी झाल्यावर कळवा, किंवा रद्द करा, असे पर्याय समोर येतात. गर्दीच्या वेळी वाट कोण पाहणार? काउंटरवाला शीट वाचण्यासाठी उघडतो, तीत नोंदी करतो, त्याच नावाने जतन होत नाही म्हटल्यावर ‘साठा नवीन’ असे नाव देतो. तिकडे गोदामात ‘साठा फायनल’ तयार होते. संध्याकाळी सोयाबीनचा एकच लॉट एका शीटमध्ये शिल्लक दिसतो आणि दुसरीत शून्य. बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983 नुसार विक्रेत्याने शिल्लक साठा आणि भाव दुकानात फलकावर दाखवायचे असतात. आता त्या फलकावर कोणत्या शीटचा आकडा लिहायचा? तपासणीला आलेल्या निरीक्षकाला नोंदवही, फलक आणि प्रत्यक्ष पोती यांत फरक दिसला तर त्याने संशय घेणे चूक म्हणता येणार नाही, पण तो फरक लबाडीतून आलेला नसतो.

म्हणून अशी चौकट आली की नवी प्रत मुळीच काढू नये. आधी तिन्ही टेबलांवर खरोखर कोणी शीट उघडून बसले आहे का, हे विचारून घ्यावे. कित्येकदा ती कोपऱ्यात लहान करून ठेवलेली सापडते. मग प्रत्येक संगणकावर टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीत, ते सॉफ्टवेअर पडद्यामागे अडकून पडले आहे का ते पाहावे. मुख्य संगणकावर विंडोज असेल तर सामायिक फोल्डरांच्या व्यवस्थापनात सध्या उघड्या असलेल्या फाइलींची यादी दिसते आणि बंद पडलेल्या संगणकाच्या नावावर राहिलेली नोंद तेथूनच सोडवता येते. एवढे करूनही चौकट येत असेल तर लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू करून ~$ ची खूण शोधावी आणि तिच्यापुढची वेळ वाचावी. ती वीज जाण्यापूर्वीची असेल तर ती बेवारस असण्याची शक्यता मोठी. मूळ शीटची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून, शीट सगळीकडे बंद असल्याची खात्री करून, फक्त ती खूण काढून टाकावी. घाईत भलत्याच फाइलीवर हात पडला तर साराच हिशेब जाईल, त्यामुळे हे काम जाणत्या माणसानेच करावे.

आता त्या ओळीबद्दल. प्रणालीला प्रत्यक्षात एवढेच कळलेले असते की फाइल धरून ठेवल्याची नोंद आहे आणि तिच्याजवळ एक नाव लिहिलेले आहे. पडद्यावर मात्र ती एखाद्या माणसावर ठाम आरोप केल्यासारखे बोलते. खूण केव्हाची आहे, कोणत्या संगणकावरून झाली आणि पुढे काय करावे, या तीन गोष्टी सांगितल्या असत्या तर नांदेडला फोन गेला नसता. हे अशक्य आहे असेही नाही. वर्ड-एक्सेलसारखेच काम करणाऱ्या, मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसची चौकट नावाबरोबर लॉक झाल्याची तारीख आणि वेळही दाखवते. एवढी साधी माहिती वर्षानुवर्षे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला का मिळू नये, हे मला समजलेले नाही.

‘सगळे ऑनलाइन करा, लॉकची कटकटच राहणार नाही’ असा सल्ला पुण्या-मुंबईकडून हमखास येतो. त्यात तथ्य आहे. ऑनलाइन शीटवर अनेकांना एकाच वेळी लिहिता येते. परंतु जुन्या एक्सएलएस स्वरूपातील शीट त्यासाठी आधी नव्या स्वरूपात आणावी लागते, आणि रस्त्याच्या कामात केबल तुटून दुपारभर इंटरनेट गेले तर काउंटरने काय करावे, हे कोणी सांगत नाही. ज्यांची जोडणी खात्रीची आहे त्यांनी जरूर जावे. बाकीच्यांना सामायिक फोल्डरवरच हंगाम काढावा लागणार आहे.

आपल्या दैनिकाद्वारे दोन विनंत्या करतो. जालना आणि छत्रपती संभाजीनगर येथील ज्या व्यावसायिकांकडून आम्ही संगणक बसवून घेतो, त्यांनी प्रत्येक यंत्रावर वापरकर्त्याच्या जागी माणसाऐवजी ‘काउंटर’, ‘गोदाम’ अशी टेबलाची नावे भरावीत आणि मुख्य संगणकाबरोबर काउंटरच्या यंत्रालाही यूपीएस सुचवावा. कृषी विभाग हंगामापूर्वी निविष्ठा (बियाणे, खते, कीटकनाशके) विक्रेत्यांच्या बैठका घेतो, त्यांतही परवाने व दरांच्या सूचना झाल्यावर अर्धा तास साठ्याच्या संगणकीय नोंदींसाठी ठेवावा आणि तेथे मालकाबरोबर काउंटरवर बसणाऱ्या मुलालाही बोलवावे.

आपला,
बियाणे पेढीतील एक कर्मचारी, जालना