हुकूमनामा आणि जप्ती

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, व्यापाराचे नियम सगळ्या देशांना सारखेच आहेत, मग ही रड कसली?" तेव्हा घाईत नुसतं 'हूं' म्हटलं. पटलं नव्हतं.

नियम सारखे आहेत हे खरं. 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र' म्हटलं की कुणावर तरी खास मर्जी वाटते, पण अर्थ नेमका उलटा: एकाला जकातीत सवलत दिली की जागतिक व्यापार संघटनेच्या बाकी सदस्यांनाही द्यायची. (हे नाव ज्याला सुचलं त्याचा सत्कारच करायला हवा.) याला अपवाद आहेत, ते तू वाचशीलच.

मला बोलायचंय ते कापसाबद्दल. अमेरिकेच्या अनुदानामुळे जगात कापसाचे भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने 2002 मध्ये याच संघटनेकडे केली आणि ब्राझील जिंकला. तरी अनुदान चालूच. मग ब्राझीलने अमेरिकी मालावर जादा जकात लावायची, अगदी पेटंटनाही हात घालायची तयारी केली. तेव्हा कुठे 2010 मध्ये तडजोड झाली: जकात लावू नका, तुमच्या कापूस क्षेत्राला आम्ही वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देतो. अमेरिकेने स्वतःच्या शेतकऱ्यांचं अनुदान टिकावं म्हणून परक्या शेतकऱ्यांसाठी पैसे मोजायचे! 2014 मध्ये आणखी 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

पडलेल्या भावाने बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाडही पोळले होते. 2003 मध्ये चौघांनी मिळून गाऱ्हाणं मांडलं. पण त्यांनी जकात वाढवली असती, तर अमेरिकेत कुणाला पत्ताही लागला नसता. तडजोडीच्या बैठकीत ते नव्हतेच.

या संघटनेकडे दिवाणी कोर्टासारखा, निकालाची अंमलबजावणी करणारा बेलीफ नसतो, सई. हुकूमनामा ज्याच्या हातात, जप्तीही त्यानेच करायची. इंटरनेटवरच्या जुगाराच्या वादात चिमुकल्या अँटिग्वा आणि बार्बुडाने अमेरिकेला हरवलं. 2007 मध्ये वर्षाला 2 कोटी 10 लाख डॉलरपर्यंतच्या वसुलीची मुभा ठरली. पण आयातीवर जगणाऱ्या देशाने जकात वाढवली, तर भुर्दंड त्याच्याच लोकांना. म्हणून लवादाने अमेरिकी कॉपीराइटसारखे हक्क बाजूला ठेवायची वाट दिली.

आता तर डिसेंबर 2019 पासून अपिलाचं मंडळच सदस्यांअभावी ठप्प आहे. हरलेल्याने अपील केलं की खटला तिथेच लटकतो. यावर तुझं म्हणणं सविस्तर कळव. 'रड' हा शब्द तेवढा मागे घे.

तुझा,
बाबा