एका सरासरीवर हवा ‘समाधानकारक’?

‘शहराची हवा समाधानकारक’ ही छत्रपती संभाजीनगरच्या हवेची एकच सरासरी सांगणारी आपल्या अंकातील बातमी वाचली. पण नेमकी कुठली हवा? वाळूजच्या कारखान्यांशेजारची की जालना रोडवरची? तिथे तर थंडीत दुचाकीच्या सीटवर बोटाने नाव लिहावे, इतकी धूळ रात्रीत साचते. हवा मोजणाऱ्या हस्तचालित (माणसांनी नमुने गोळा करायच्या) केंद्रांवर हवेचे नमुने आठवड्यातून दोनदाच, वर्षाला साधारण १०४ दिवस घेतले जातात. पुणे-मुंबईसाठी मात्र ‘सफर’ प्रणालीत उत्सर्जनाची, म्हणजे कुठून किती प्रदूषण होते याची, नोंद आणि वारा, तापमान यांचे गणित मांडून हवेच्या दर्जाचा अंदाज दिला जातो. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर ही तिन्ही शहरे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. रस्ते झाडणारी यंत्रे जरूर घ्यावीत (ती चालू राहिली तर उत्तमच!), मात्र त्याआधी कोणत्या प्रभागात धूळ कशामुळे होते, याची नोंद महापालिकांनी जाहीर करावी.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर