मंद्यास पत्र: शॉटगनचा पंप उशिरा येतो

प्रिय मंद्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही. शिव्या दे, तुझा हक्कच आहे. तब्येत बरी, गुडघा होता तिथेच आहे. आई तुझी आठवण काढते. झाली खुशाली. आता मूळ मुद्दा, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर तो आधी माझं वय विचारेल.

'डूम २' या जुन्या गोळीबाराच्या खेळासाठी आपण केलेल्या वॅडमध्ये (खेळाचे आवाज, चित्रं, नकाशे ठेवणारी फाइल) शॉटगनचा पंप, म्हणजे गोळीनंतर नळीखालची मूठ मागे-पुढे ओढल्याचा आवाज, उशिरा वाजतो. इतकी वर्षं आपण आवाजालाच नावं ठेवत बसलो. आवाज उत्तम आहे रे, घड्याळ चुकलंय.

हिशेब बघ. इंजिन सेकंदाला ३५ टिक चालतं, म्हणजे एक टिक साधारण २८.६ मिलिसेकंदांची. गोळी सुटते तो क्षण शून्य धर. पहिल्या ७ टिक बंदुकीचं तेच चित्र, मग पंपाची चित्रं ५, ५, ४, ५, ५ टिकांची, आणि बोट दाबून धरलं तर एकूण ३७ टिकांनी पुढची गोळी. पंप पूर्ण मागे ओढलेलं चित्र दिसतं ते १७ ते २१ टिकांच्या दरम्यान. म्हणजे पहिला 'खट्' ०.४९ सेकंदाच्या आसपास हवा आणि दुसरा ०.६०ला. आपल्या फाइलीत पहिला ०.७१ला आहे! हात परत पुढे जाऊ लागल्यावर मागे ओढल्याचा आवाज. विजेनंतर गडगडाट ठीक आहे, पण बंदूक आपल्याच हातात आहे ना.

मूळ खेळात पंपाचा आवाज वेगळा वाजत नाही, धमाका आणि पंप एकाच लंपमध्ये (वॅडच्या आतला एक नाव दिलेला तुकडा). त्यामुळे ही जुळवाजुळव ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्येच करावी लागते. धमाका एका ट्रॅकवर, पंप दुसऱ्यावर, आणि पंपाचा तुकडा सरकवून शिखर ०.४९वर आणायचं. पंपासाठी आपण वापरलेल्या लोखंडी कपाटाच्या मुठीचे दोन खट् ऐटीत, लांब अंतराने येतात. ते ताणून-आवळून बसवू नकोस, आवाज रबरासारखा होतो. मधली शांतता कापून टाक, बस्स. आणि सुरुवातीची शांतताही तपास. एमपी३वरून आणलेल्या तुकड्याच्या आधी बहुतेक वेळा काही मिलिसेकंदांची पोकळी चिकटून येते. ती एक-दोन टिकांएवढी असली तरी बंदूक आळशी वाटते.

दुनळीचं याहून वाईट. तिथे आवाज चार: धमाका, उघडणं, काडतुसं भरणं, मिटणं. उघडणं गोळीनंतर २१ टिकांनी, भरणं ३५ला, मिटणं ४८ला. मूळ इंजिनचा नियम असा, की एकाच जिवाचा नवा आवाज सुरू झाला की त्याचा जुना बंद. म्हणजे ०.६ सेकंदांनंतर धमाक्याची शेपटी ऐकूच येत नाही. तू त्या प्रतिध्वनीवर दोन रविवार घालवलेस, मी तेव्हाच म्हटलं होतं (नव्हतं म्हटलं, पण म्हणायला हवं होतं). शेपटी ०.५५ सेकंदांत उतरवून टाक, नाहीतर सुरीने कापल्यासारखी तुटते. त्याच नियमामुळे शॉटगन मारल्यावर लगेच मार बसला, की खेळाडूचं कण्हणं पंपाचा गळा धरतं. तो आपला दोष नाही, त्यावर डोकं फोडू नकोस.

आता तुझी जुनी बढाई. तू पिस्तुलाचा आवाज बदललास, मी खेळून बघितलं आणि समोरच्या शिपायाच्या बंदुकीतूनही तुझाच आवाज आला. मी म्हणालो वॅड बिघडलंय, तू म्हणालास माझे कान. दोघेही चूक. डीएसपिस्टॉल हा एकच लंप खेळाडूचं पिस्तूल, त्याची चेनगन (सलग गोळ्या सोडणारी बंदूक) आणि साधा शिपाई असे तिघे वापरतात. शॉटगनचा लंप तर शॉटगनवाला शिपाई, चेनगनवाला आणि मोठी कोळीण (जाळं विणणाऱ्या कोळ्यासारखी राक्षसीण) या सगळ्यांचा. चेनगन दर ४ टिकांना गोळी सोडते, म्हणजे प्रत्येक आवाजाला जेमतेम ११४ मिलिसेकंद. तू पिस्तुलाला दिलेला जाड 'धुम्म' तिथे पोचतच नाही, फक्त सुरुवातीचा टणका पुन्हापुन्हा वाजतो. म्हणून या लंपचा जीव सेकंदाच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यातच हवा.

तुझी ती दिवाळीतली सुतळी बॉम्बची रेकॉर्डिंग मात्र आता विसर्जित कर. पहिल्याच ठोक्याला फोनचा माइक भरून जातो, लाटेची टोकं सपाट होतात आणि लगेच फोन स्वतःच आवाज खाली ओढतो. त्याला धमाका नाही, पत्र्यावर पडलेलं पोतं म्हणतात.

निर्यातीचं तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण मागच्या वेळी घोळ तिथेच झाला. मोनो, ११०२५ हर्ट्झ (सेकंदाला इतके नमुने), ८ बिट अनसाइन्ड पीसीएम. त्यातून निम्म्यापर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे साधारण ५५०० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. म्हणून खाली आणण्याआधी २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं उचल, नाहीतर टणका रजईत गुंडाळल्यासारखा. ८ बिटांत शांत भागात फुसफूस येते. ऑडॅसिटीचं डिदर (मुद्दाम मिसळलेली बारीक फुसफूस) बंद ठेव आणि शेपटी शून्यापर्यंत नीट उतरव. मग स्लेडमध्ये (वॅड संपादनाचा प्रोग्रॅम) आयात करून डूम साउंडमध्ये रूपांतर. नाव आठ अक्षरांतच, शॉटगनच्या लंपमध्ये 'यू' नाही. एक अक्षर चुकलं तरी खेळ तक्रार करत नाही, मुकाट जुनाच आवाज वाजवतो. तपासायला चॉकलेट डूम हे इंजिन, मूळ वागणुकीच्या सर्वांत जवळचं तेच.

आणि हो, जीझेडडूम या नव्या, सुधारित इंजिनवरून आपण सहा महिने बोललो नव्हतो ना? अर्धं तुझं खरं निघालं. तिथे कुठल्या नावाला कुठला लंप हे सांगणाऱ्या साउंडइन्फो फाइलीत पिस्तूल, चेनगन आणि शिपाई यांची नावं वेगळी आहेत. नव्या लंपला डीएसपिस्टॉल न म्हणता भलतंच नाव द्यायचं आणि फक्त खेळाडूच्या पिस्तुलाची ओळ तिकडे वळवायची, शिपाई जुन्याच आवाजात गोळी झाडतो. रँडमची ओळ टाकून तीन वेगळे आवाज आलटूनपालटून वाजवता येतात. कण्हणं आणि बंदूक वेगवेगळ्या वाटांनी जातात, म्हणून पंपही तुटत नाही. पण मूळ इंजिनवर चालणारं वॅड करायचं हे आपण ठरवलं होतं, आणि मी तिथून हलणार नाही. हवं तर दोन आवृत्त्या करू. आणखी सहा महिन्यांचा अबोला परवडणार नाही, दोघांचीही वयं बघ.

वास्तुशांतीला आलो नाही, त्याची माफी वहिनींकडे वेगळी मागतो. चिनूची बारावी कशी गेली? नोकरीचं काय ठरलं ते दोन ओळींत तरी कळव.

आता खरं कारण. माझ्याकडे कपाटाच्या मुठीची फक्त ११०२५ची, ८ बिटांची प्रत उरली आहे. तिला कितीही चोळलं तरी गेलेला वरचा भाग परत येत नाही, आणि आपलं कपाट तर भंगारात गेलं. मूळ ४४१००ची फाइल तुझ्या जुन्या काळ्या हार्ड डिस्कवर असायला हवी. फोल्डर बहुतेक 'फायनल', त्याच्या आत 'खरंच फायनल'. सापडली तर कापू नकोस, आवाज वाढवू नकोस, जशी आहे तशी पाठव.

तुझा,
बाळ्या