कोलंबिया नदीच्या मुखाशी भेटलेल्या आजोबांस

आदरणीय आजोबा,

सप्रेम नमस्कार. पांढऱ्या दाढीच्या माणसाला नावाने हाक मारण्याची आमच्याकडे रीत नाही, म्हणून आजोबा म्हणते आहे. हे पत्र आपल्याला कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल. तरीही ते मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे, कारण आमच्यासारखी आणखीही मराठी माणसे कुत्र्यांना घेऊन उन्हाळ्यात अमेरिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्याने जातात आणि मला जे ठाऊक नव्हते, ते त्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

गेल्या ऑगस्टात आम्ही नवराबायको आणि खंड्या व चिमी ही आमची दोन कुत्री असे चौघे कॅम्परमधून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने कॅलिफोर्नियातून उत्तरेकडे निघालो होतो. गोल्ड बीचला, रोग नदीच्या मुखाशी, मासे साफ करण्याच्या टेबलाखाली पडलेले सॅमनचे डोके खंड्याने पळवले आणि आम्ही हसत हसत त्याचा फोटो काढला. मी मालवणची. आमच्या बंदरावरची कुत्री कच्चे बांगडे आणि तारल्या खाऊनच टुणटुणीत राहतात. मासा खाऊन कुत्रा दगावतो असे कोणी सांगितले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते.

सातव्या दिवशी खंड्याने खाणे सोडले. पाठोपाठ ताप आणि उलट्या सुरू झाल्या. वाटेतल्या एका गावात आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तिथे विम्याची चौकशी झाली, बिल कोणत्या कार्डावर भरणार याचीही झाली. कुत्र्याच्या पोटात काय गेले होते, हे मात्र कोणी विचारले नाही. प्रवासाने पोट बिघडले असेल, भात आणि कोंबडी उकडून द्या, असे सांगून आम्हाला वाटेला लावले. हातात दिलेल्या कागदावर त्याचे नावसुद्धा नव्हते. 'नर, मिश्र जात, पिवळा' एवढेच होते. त्या किनाऱ्यावर ज्यांचा रोजचा व्यवसाय चालतो, त्यांना तो एक प्रश्न सुचू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो इतक्यात जाईल असेही वाटत नाही.

दोन दिवसांनी ॲस्टोरियाजवळच्या छावणीत आपण शेजारच्या जागेत उतरला होता. संध्याकाळी आपण नदीवरून परतलात, तेव्हा खंड्या कॅम्परच्या पायरीशी पडून होता आणि चिमी त्याच्यापासून दूर, चाकाला टेकून बसली होती. आपण थबकलात. जवळ येण्याआधी नळावर जाऊन हातांवरचे खवले धुतलेत, हात पँटला पुसलेत, मग गुडघे टेकून त्याच्या जबड्याखाली बोटे फिरवलीत. तिथल्या गाठी सुजून लिंबाएवढ्या झाल्या होत्या. मी त्याला दोन दिवस कुरवाळत होते, पण त्या माझ्या हाताला लागल्या नव्हत्या. "याने कच्चा सॅमन खाल्ला का?" एवढेच आपण विचारलेत.

त्या भागातल्या नद्यांमधील एका गोगलगायीत वाढणारा चपटा कृमी सॅमनच्या अंगात शिरतो, त्या कृमीत एक जिवाणू असतो आणि तो कुत्र्याला लागला, की उपचारांवाचून दहातली नऊ कुत्री दगावू शकतात, हे मला पुढे कळले. अस्वले तोच मासा खाऊन सुखात राहतात. मासा नीट शिजवला, तर कुत्र्यालाही धोका नसतो. ती गोगलगाय आमच्या कोकणात नाही, म्हणून मालवणची कुत्री सुखी आणि आम्ही अडाणी.

पण मी आभार मानते आहे ते या माहितीसाठी नव्हे. ती पुस्तकातही मिळाली असती. आपण खिशातून भरती-ओहोटीचे छोटे पुस्तक काढलेत, त्यातले एक पान फाडलेत आणि पेन्सिलीने ठळक अक्षरांत लिहिलेत: कच्चा सॅमन, नऊ दिवसांपूर्वी, विष्ठा तपासा. नव्या दवाखान्यात मला बोलता बोलता रडू येईल आणि पुन्हा कोणी भात-कोंबडीवर बोळवण करील, हे आपण माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे. मग आपण कुत्र्याचे नाव विचारलेत. मी सांगितल्यावर ते तीनदा म्हणून घेतलेत, एकेक अक्षर विचारत सगळ्यांत वर लिहिलेत आणि अर्थही विचारलात. मासे पकडणाऱ्या पक्ष्याचे नाव आहे, असे मी म्हटले, तेव्हा आपण म्हणालात, "मग मासा खाणारच की!" तीन दिवसांत मी प्रथमच हसले.

पुढचे थोडक्यात सांगते. दुसऱ्या दवाखान्यात ते पान टेबलावर ठेवले, सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी दिसली आणि औषधे सुरू झाली. चौथ्या दिवशी खंड्याने ताटली चाटली. तोवर चिमीला आपणच सांभाळलेत.

आपण भेटलात त्याच संध्याकाळी आपण सहज सांगितले होते, की दिवसभरात गळाला लागलेला एकमेव कोहो जातीचा सॅमन आपण सोडून दिलात, कारण त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा लहान पर शाबूत होता, म्हणजे तो, हा पर कापून सोडलेल्या पैदास केंद्रातल्या माशांपैकी नसून नदीतच जन्मलेला होता. असा मासा सोडून द्यावा असा नियम आहे, हे खरे. पण होडीत आपण एकटेच होता आणि किनारा दूर होता. कोणी पाहत नसताना मासा सोडणारा माणूस आणि अनोळखी कुत्र्याचे नाव नीट लिहून घेणारा माणूस एकच असावा, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. अशी माणसे मालवणच्या बंदरावरही मी पाहिली आहेत आणि तीही बोलायला अशीच कमी असतात.

ते पान आता कॅम्परच्या फ्रिजवर चिकटवले आहे. परवा ते उलटून पाहिले, तर मागे त्याच आठवड्यातल्या भरतीच्या वेळा छापलेल्या होत्या. माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत, पण आपले काम त्या पुस्तकावाचून अडले असणार. म्हणून छावणीच्या पत्त्यावर या पत्रासोबत येत्या हंगामाचे नवे पुस्तक पाठवते आहे. पाने मोजून घेतली आहेत, सगळी आहेत.

आपली नम्र,
खंड्या आणि चिमीची आई