मोटर यॉट घेताना आधी इंजिनखोली पाहावी

संपादक महोदय,

साधारण 12 ते 15 मीटर लांबीची मोटर यॉट, म्हणजे इंजिनावर चालणारी केबिनची बोट, घेऊ पाहणारे बहुतेक जण आधी केबिन पाहतात. माझ्या मते पाहणी इंजिनखोलीपासून सुरू व्हायला हवी. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचे चाक) सहज बदलता येतो का, हे तपासावे, कारण जिथे हात पोहोचत नाही तिथली देखभाल हमखास टळते आणि इम्पेलरची पाती तुटली की इंजिन काही मिनिटांतच तापते. वेगाचा मोहही आवरायला हवा. पाण्याच्या रेषेवर 12 मीटर लांब भरणारी बोट सुमारे 8 नॉटपर्यंत (ताशी सुमारे 15 किलोमीटर) कमी ताकदीत चालते. त्यापुढे डिझेलचा खप झपाट्याने वाढतो, म्हणून लांबच्या प्रवासासाठी संथ चालीचीच बोट निवडावी. जुनी यॉट असल्यास ती पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून फायबरग्लासमधील ओलावा मोजून घ्यावा, आणि चाचणीच्या दिवशी इंजिन आपल्यासमोर थंड स्थितीतच सुरू करायला लावावे, कारण आधीच तापवलेले इंजिन सुरू होतानाचे दोष लपवते. धक्क्याचे भाडे, विमा, तळाचा रंग आणि गंज रोखणारे झिंकचे तुकडे यांचा खर्च, यॉट वर्षभर उभी राहिली तरी, चुकत नाही. तो खरेदीआधीच मांडून पाहावा.

आपला,
एक वाचक