लस घेतली, पण शरीराने दाद दिली का?

महोदय,

माझे वडील लिम्फोमाचे, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे, रुग्ण. उभी हयात यंत्रमागावर गेली, त्यामुळे घरात बसवत नाही. गेल्या जानेवारीत 'फ्लूची लस घेतलीय, काय होतंय' म्हणत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत हिंडून आले. आठ दिवसांत ॲडमिट. ताप फ्लूचाच निघाला.

लशीत खोट नव्हती. त्यांना रिटुक्सिमॅब चालू होते. हे औषध कर्करोगाच्या पेशींसोबत चांगल्या बी-पेशीही (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) संपवते आणि जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनतात ती याच पेशींच्या जोरावर. शेवटच्या डोसनंतर निदान सहा महिने लशीला प्रतिसाद फार क्षीण असतो. मायलोमा किंवा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या इतर कर्करोगांत तर मूळ आजारामुळेच तो कमी पडतो. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा दुसरा प्रकार, थोडीफार बाजू सांभाळतात, म्हणून लस टाळायची नाही. पण जमल्यास उपचाराच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेल्या) लशी मात्र उपचार चालू असताना नकोत.

हे आम्हाला कळले ताप उतरल्यावर. वडिलांची फाईल वीतभर जाड, बिलेसुद्धा टाचलेली. लशींचा एक कागद नाही. केमो ठरते त्याच दिवशी रुग्णालयांनी तो लावावा. घरातल्यांनाही लस घ्यायला सांगावे. आम्ही सगळ्यांनी यंदा घेतली.

यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक या वेळी वडील ओळखीच्यांच्या गच्चीवरून बघणार आहेत, मास्क लावून. कुरकुर चालू आहेच.

– एक वाचक, सोलापूर