टायबरच्या खोऱ्यात माणगावचा नाईक

महोदय,
गेल्या जूनमध्ये इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सायकल चालवली. खाली रस्ता सपाट, पण मोंतोने गावाचा चढ लागला आणि मांड्या बोलू लागल्या. (पसरणी घाटाचा सराव कामी आला!) याच खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे यांनी, सोबतचे सगळे पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. ठाणे घेतले, पण शत्रूच्या गोळीने ते तिथेच कोसळले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान. मोंतोनेत २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे. बाटलीतले उरलेले पाणी पीत मी तिथे बराच वेळ टेकलो. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना त्या गावातून वीसेक वेळा तरी गेलो असेन, थांबलो एकदाही नाही.

– एक सायकलस्वार, पुणे